मी पास केलेला मेंढ्यांचा सिनेमा

मूल नुसतं बघून मी सांगू शकते, ते कोणत्या सिनेमाला घाबरेल, कोणत्या सिनेमाला रडेल आणि कोणत्या सिनेमाला खुर्चीत झोपून जाईल! ही बढाई नाही. एकतीस वर्षं मी सिनेमा थिएटरच्या तिकीट खिडकीत बसले आहे. खिडकी कसली, भिंतीला पाडलेलं एक अर्धगोल भोक! त्यातून समोरच्या माणसाचं हनुवटीपासून भुवयांपर्यंतच काय ते दिसे. पण तेवढं मला पुरे होतं.

आता एक गुपित सांगते. त्या एकतीस वर्षांत मी एकही सिनेमा पूर्ण पाहिला नाही. न्हाव्याचीच दाढी वाढलेली असते ना, त्यातली गत! मग मी सिनेमा पारखायची कशावरून? तोंडांवरून! खेळ सुटला की माझ्या खिडकीसमोरच्याच दारातून माणसं बाहेर पडत. बायका डोळे पुसत आल्या की समजावं, सिनेमा रडका आहे. पुरुष उगाच घसा खाकरत आले की समजावं, फारच रडका आहे. मुलं एकमेकांना ढकलत, चेकाळत बाहेर आली तर पुढच्या खेळाला खुशाल कोणाचंही मूल बसवावं. आणि आईच्या कमरेला मिठी मारून आली, तर मी भोकातूनच पुढच्या आईला सांगत असे, "ताई, धाकट्याला नका नेऊ. रात्रभर जागावं लागेल." माझा शब्द कधी खोटा पडला नाही. मालक म्हणायचे, "बाई, तुम्ही खिडकीत आहात तोवर मला जाहिरातीची गरज नाही!" कधी कधी म्हणायचे, "बाई, तुम्ही खिडकीत आहात म्हणून माझ्या जाहिराती फुकट जातात!" ते त्या दिवशीच्या गर्दीवर अवलंबून असे.

तर एवढा अनुभव गाठीशी असताना माझ्या लेकीने मला विचारावं, "आई, तुला खरंच कळतं का, लहान मुलांना काय दाखवावं ते?"

माझी लेक दातांची डॉक्टर आहे. म्हणजे दिवसभर लहान मुलांना घाबरवणं हाच जिचा धंदा, ती मला विचारते!

विषय निघाला होता सुट्टीचा. माझी नात साडेसात वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. तिच्या शाळेला पंधरा दिवसांची सुट्टी लागणार होती आणि लेकीच्या मनात तिला कुठल्याशा शिबिरात घालायचं होतं. तिथे म्हणे कागदाचे डबे करायला शिकवतात. मी म्हटलं, "माझ्याकडे ठेव की! डब्यांचं काय, माझ्या घरात रिकामे डबे खच्चून भरलेत."

वरवर मी हसत बोलत होते, पण आतून जीव टांगणीला लागला होता. हे गेल्यापासून घरात मी आणि फ्रिज, दोघंच. त्यातही फ्रिजच जास्त बोलतो. पंधरा दिवस पोर घरात धुडगूस घालेल, सोफ्यावर उड्या मारेल, माझा चष्मा लपवेल, या कल्पनेनेच मी दोन नव्या उशा आणून ठेवल्या होत्या.

"आई, तू तिला काहीही दाखवतेस, काहीही सांगतेस," लेक म्हणाली. "परवा तिला भुताच्या सात जाती सांगितल्यास."

"आठ होत्या. एक मी गाळली!"

तेवढ्यात भिंगरीने मध्येच तोंड घातलं. "आजी, मला तो मेंढ्यांचा सिनेमा बघायचाय. वर्गातल्या सगळ्यांनी बघितला. लोकरीचा स्वेटर विणणारी म्हातारी असते ना जंगलात, तिचा!"

मी उडालेच! "अगं, ती तर माझी गोष्ट! तुझ्या आईला लहानपणी मी कितीदा सांगितली. जंगलात एक म्हातारी असते, वाट चुकलेल्या मुलांना ती ऊबदार स्वेटर विणून देते, मग सगळे मिळून गरम दूध पितात. किती गोड गोष्ट!"

लेक माझ्याकडे बघतच राहिली. दाढ काढायच्या आधी पेशंटकडे बघावं, तसं. मग म्हणाली, "बरं. एक करू. सिनेमा आधी तू स्वतः बघ. तुला योग्य वाटला तर रविवारी तिला घेऊन जा. ती न घाबरता घरी आली, तर पंधरा दिवस तुझे. घाबरली, तर शिबिर!"

"कबूल!" मी म्हटलं. एकतीस वर्षांचा अनुभव पाठीशी असलेल्या बाईसाठी ही काय परीक्षा होती!

शनिवारी सकाळी मी थिएटरवर गेले. नोकरी सुटून पंधरा वर्षं झाली, त्यानंतर पहिल्यांदाच. माझं भोक बुजवून टाकलं होतं आणि त्या जागी मक्याच्या लाह्यांचं यंत्र ठेवलं होतं. पण समोरचं बाहेर पडायचं दार तेच होतं. लाल रंगाचं, खाली पितळी पट्टी ठोकलेलं. आता आत जाऊन अडीच तास अंधारात बसायची मला काय गरज? अंधारात बसून सिनेमा बघतात ते ज्यांना तोंडं वाचता येत नाहीत ते! मी दारासमोर चष्मा पुसून उभी राहिले.

दार उघडलं आणि मुलांचा लोंढाच बाहेर आला. काय सांगू! एकेकाचं तोंड कंदिलासारखं उजळलेलं! दोन मुली पोट धरधरून हसत होत्या. एका आजोबांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. एक छोटा तर चार पायांवर रांगत बाहेर आला आणि माझ्या चपलेवर भुंकला!

भुंकला म्हटल्यावर मी क्षणभर विचारात पडले. सिनेमा मेंढ्यांचा, मग कुत्रा कुठून आला? पण लगेच उलगडा झाला. मेंढ्या म्हटल्या की राखणीला कुत्रा हवाच! नव्या लोकांनी गोष्टीत किती छान भर घातली, म्हणून मला कौतुकच वाटलं.

घरी येऊन लेकीला फोन केला. "पास!"

"पाहून आलीस?"

"पाहून आले!" मी म्हटलं. काय पाहून आले, ते तिने विचारलं नाही.

"म्हातारी कशी आहे?"

"प्रेमळ!"

"रक्त वगैरे?"

"थेंबभर नाही."

"शेवट?"

"हसून हसून पुरेवाट!"

मग लेक म्हणाली, "असेल बाई. सिनेमावाल्यांनी बदलली असेल गोष्ट."

आमच्या इमारतीत भिंतींना कान आहेत, आणि जिन्याला तर तोंडसुद्धा आहे. खिडकीवाल्या आजींनी सिनेमा पास केला, ही बातमी तासाभरात तळमजल्यावर पोचली. तिथल्या जुळ्या मुलींची आई धावत वर आली. "मावशी, आमच्या दोघींनाही न्याल का? तुम्ही बघून आलात म्हटल्यावर मला काळजीच नाही." "नेते की!" मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला!

मग वरच्या मजल्यावरचे कवायत मास्तर आले. वय सत्तरीचं, पण छाती अजून शाळेच्या मैदानावर असल्यासारखी पुढे. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना उजवीकडे-डावीकडे वळवलं. गळ्यात शिट्टी अजूनही असते. आंघोळीला जाताना काढतात की नाही, देव जाणे! "ताई, तीन मुलींना घेऊन रस्ता ओलांडणार, म्हणजे शिस्तीला माणूस हवा. मी येतो," ते म्हणाले. "मला भीती वगैरे ठाऊक नाही. एकदा मैदानात साप निघाला होता, मी त्यालासुद्धा रांगेत घातला!"

रविवारी तीनच्या खेळाला आम्ही पाच जण गेलो. मुली एका रांगेत, पुढे मास्तर, मागे मी. आत गेल्यावर थिएटर जरा आखूड वाटलं. मी म्हटलं, म्हातारपणी सगळंच आखूड वाटतं.

दिवे मालवले. पडद्यावर काळंकुट्ट जंगल. कुठेतरी विणायच्या सुया वाजत होत्या. टिक, टिक, टिक. मग म्हातारी दिसली.

ती हुबेहूब माझ्यासारखी होती! तोच चष्मा, तोच अंबाडा. हनुवटीवरचा तीळसुद्धा त्याच बाजूला!

"आजी, तू!" भिंगरी खूश होऊन म्हणाली.

ती म्हातारी वाट चुकलेल्या एका मुलाला जवळ घेऊन गोड आवाजात विचारते, "थंडी वाजते का रे बाळा?" मला भरून आलं. बघा, हीच माझी प्रेमळ म्हातारी! मुलगा स्वेटर अंगात घालतो. आणि मग तो स्वेटर निघेना! लोकर कातडीत रुतायला लागली. मुलाच्या बोटांचे खूर झाले. तो "आई" म्हणायला गेला आणि तोंडातून "बें" आलं! आणि त्या मेंढीचे डोळे, अहो, माणसाच्या मुलाचे डोळे, सरळ आमच्याकडे बघत होते!

मास्तरांनी माझं मनगट पकडलं. "ताई, ही प्रेमळ?"

"पुढे होईल प्रेमळ," मी पुटपुटले.

"आणि तो कुत्रा कधी येणार?"

"येईल हो, वाटेत असेल!"

कुत्रा आला नाही. कात्री आली. म्हातारी दगडावर कात्रीला धार लावायला लागली. मास्तरांनी धीर धरण्यासाठी शिट्टी दातांत धरली होती. आता ते घाबरून जोरजोरात श्वास घ्यायला लागले आणि दर श्वासाला शिट्टी बारीक वाजायला लागली. पीं... पीं... पीं. पुढच्या रांगेतली बाई मागे वळून म्हणाली, "अहो, कुणाचा कुकर लागलाय का?"

पडद्यावर म्हातारीने चुलीवर हंडा चढवला. झाकण उचललं. वाफेतून मान वळवून तिने थेट माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आता कुणाची पाळी?"

मी किंचाळले! चांगली खणखणीत किंचाळले! ती किंकाळी ऐकून मास्तरांनी छातीतला सगळा वारा शिट्टीत सोडला. फुर्रर्रर्र!

आणि मग जे झालं, ते फक्त शाळकरी मुलांनी भरलेल्या सभागृहातच होऊ शकतं. शिट्टी ऐकताच सगळी मुलं ताडकन उभी राहिली. अंधारात! एकापाठोपाठ एक, हाताच्या अंतरावर, बिनबोभाट! मुलं रांगेने दाराकडे निघालेली बघून त्यांचे आईवडील उठले. आईवडील उठलेले बघून कोणीतरी ओरडलं, "आग!" मग काय विचारता! अंधारात जागा दाखवणारा बॅटरीवाला धावत आला. तोच जुना बॅटरीवाला, माझ्या वेळचा, आता केस पांढरे झालेला. दिवे लागले, सिनेमा बंद पडला, पडद्यावरची म्हातारी तोंड उघडं टाकून तशीच थिजली.

मी मात्र यातलं काही पाहिलं नाही. मी खुर्चीखाली होते. कशी गेले ते मलाही ठाऊक नाही. पण गेले ती गेले, परत काही येता येईना! दोन रांगांच्या मध्ये मी बाटलीतल्या बुचासारखी अडकले होते.

"आजी, हात दे," वरून आवाज आला. भिंगरी होती. एका बाजूने तिने ओढलं, दुसऱ्या बाजूने जुळ्यांनी ढकललं. मास्तरांना बोलवायला गेलो, तर ते रांगेत पहिले उभे होते.

बाहेरच्या दालनात आलो तर रडारड! शंभरेक मुलं गळा काढून रडत होती. आयांची पळापळ चाललेली. मला बाकावर बसवून कोणीतरी डोक्यावर ओला रुमाल ठेवला होता. आणि नेमकी त्याच वेळी, आम्हाला न्यायला, माझी लेक दारात हजर! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा!

तिने शंभर रडकी तोंडं बघितली. माझ्या डोक्यावरचा रुमाल बघितला.

"आई! एवढी मुलं रडवलीस?"

"अगं, मी कुठे..."

"म्हातारी प्रेमळ आहे ना? थेंबभर रक्त नाही ना?"

तेवढ्यात बॅटरीवाला पाणी घेऊन आला आणि उरलीसुरली अब्रूही त्याने भरचौकात मांडली. "बाई, काल सकाळी तुम्ही दारात उभ्या होतात ना? मी लांबून बघितलं. म्हटलं, कुत्र्याच्या सिनेमाची गर्दी बघायला बाई आल्यात!"

"कुत्र्याचा सिनेमा?" मी आणि लेक एकदम म्हणालो.

"म्हणजे काय! तुम्ही गेल्यावर मालकांनी मधोमध भिंत घातली. आता दोन पडदे, दोन सिनेमे. बाहेर पडायचं दार तेवढं एकच. काल सकाळी इकडचा खेळ नव्हताच, पलीकडचा सुटला होता."

लेक माझ्याकडे वळली. "आई, तू सिनेमा बघितलाच नाहीस?"

शंभर मुलं साक्षीला होती. मी मान खाली घातली. "तोंडं बघितली गं. मला वाटलं, तेवढं पुरतं. माझं चुकलं. घाल तिला शिबिरात. कागदाचे डबे तरी शिकेल."

त्या दोन नव्या उशा डोळ्यांपुढे आल्या.

लेक खाली वाकली. "भिंगरे, खरं सांग. घाबरलीस?"

भिंगरीने विचार केला. खोटं बोल गं बाई, मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. पण पोर पडली सरळ. "थोडी घाबरले. मेंढीच्या डोळ्यांना. मग मी आजीचा हात धरला. पण आजी खालीच निघून गेली, म्हणून मग जुळ्यांचा धरला."

"आणि ही सगळी मुलं रडतायत ती?"

"सिनेमा बंद पडला म्हणून! त्या मुलाची बहीण शंभर मेंढ्यांतून आपल्या भावाला ओळखणार होती, आणि मास्तरांनी शिट्टी मारली!"

जुळ्यांनी त्याच वेळी भोकाड पसरलं, "आम्हाला पुढचं बघायचंय!"

मी लेकीला म्हटलं, "बघ, मुळात गोष्ट किती गोड होती. या मेल्या सिनेमावाल्यांनी तिची काय दशा केली! माझ्या गोष्टीत सगळे दूध प्यायचे."

लेक माझ्या शेजारी बाकावर बसली. "आई, तुझ्या गोष्टीत दूध नव्हतं. सिनेमात निदान बहीण भावाला ओळखते तरी! तुझ्या गोष्टीत तिला काहीच कळत नाही. म्हातारी तिला हंड्यातलं मटण जेवायला घालते, आणि ती दोनदा वाढून घेते."

"मी असं सांगितलं?"

"रोज! दुपारी कामावर निघताना. दाराला आतून कडी लावायला सांगायचीस आणि म्हणायचीस, 'कोणीही हाक मारली तरी उघडू नकोस. म्हातारी बाहेर स्वेटर घेऊन उभी असेल.' वीस वर्षांची होईपर्यंत मी स्वेटर अंगाला लावला नाही, आई!"

इतकी वर्षं मी छातीठोकपणे सांगत आले, की मला सगळं आठवतं. थिएटरचा पहिला पडदा कोणत्या रंगाचा होता, ते आठवतं. पावसाळ्यात किती खुर्च्यांवर पाणी गळायचं, ते आठवतं. आणि हे आठवत नव्हतं! मग हळूहळू आठवायला लागलं. हे फिरतीच्या नोकरीवर. तीनचा खेळ सांभाळायला मी खिडकीत. आणि सात वर्षांची पोर शाळेतून येऊन घरात एकटी. दार उघडून कुठे बाहेर पडली तर? कोणाबरोबर गेली तर? माझ्याकडे कुलूप होतं, पण पोरीला कुलपात कसं ठेवणार! म्हणून मी ती म्हातारी दारात उभी केली होती. घाबरत मीच होते. गोष्ट तेवढी तिला सांगत होते.

आणि तिच्यासाठी विणलेले ते स्वेटर! दरवर्षी एक! ही पोरगी शालच का पांघरते म्हणून मी किती चिडायची!

"मग तू कधी बोलली का नाहीस गं?"

"काय बोलणार? मी दार कधी उघडलं नाही ना. गोष्ट लागू पडली होती." ती हसली आणि माझ्या डोक्यावरचा रुमाल सरळ केला. "गोष्टीचं काही नाही गं, आई. भीतीचंही नाही. फक्त तेव्हा धरायला कोणाचा हात नव्हता, एवढंच."

बॅटरीवाल्याने घोषणा केली की सिनेमा बंद पडला होता तिथून पुन्हा सुरू होतोय, आणि मुलांनी आत धूम ठोकली. या वेळी रांग वगैरे काही नव्हती. मास्तर मात्र बाहेरच थांबले. दाराशी पहारा हवा, म्हणाले.

भिंगरी दारापर्यंत गेली आणि परत फिरली. लेकीच्या कानाशी लागून ती बोलायला लागली. तिच्या मते ते कुजबुजणं होतं, पण लाह्यांच्या यंत्रापर्यंत ऐकू जात होतं.

"आई, मी शिबिराला नाही जाणार हं. आजी खुर्चीखाली जाऊन रडत होती. तिला पंधरा दिवस एकटं ठेवणं बरोबर नाही. मी राहते तिच्याजवळ."

लेकीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "जमेल तुला?"

"जमेल. फक्त तिला काय दाखवायचं, ते मी ठरवणार."

तर पंधरा दिवस मला मिळाले! शेजारणी अजून विचारतात, "काय आजी, यंदा नात आली होती ना सांभाळायला?" वाक्याचा अर्थ दोन्हीकडून लागतो. मी नुसतं हो म्हणते.